खिळे जुळवणारे हात आणि वत्सलाताईंचे कोड

वत्सलाताईंची आणि माझी पहिली भेट छापखान्याच्या जिन्यावर झाली. गांधीबागेतल्या कापडाच्या गोदामावर आमचा छापखाना आहे. मी नोकरीच्या मुलाखतीसाठी वर चढत होते आणि ताई हातात ओली प्रुफं घेऊन भराभर खाली येत होत्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. मला बघून थांबल्या, कोणाकडे म्हणून विचारलं. इंटरव्ह्यू आहे म्हटल्यावर त्यांनी एक प्रूफ माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे वाचत वर चला, मी आलेच."

आता माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत. मराठी बोलायला घरची, पण वाचायचं म्हणजे एकेका जोडाक्षरापाशी ब्रेक लागायचा. ताई खालचं काम आटपून परत आल्या तेव्हा मी तिसऱ्या ओळीत अडकले होते. त्या रागावल्या नाहीत. हसून म्हणाल्या, "बरं झालं. मशीनचं इंग्रजी पुस्तक तुम्ही वाचा, मराठी मी वाचते. दोघी मिळून एक माणूस तयार होईल."

या गौरवग्रंथात ताईंच्या शाळेतल्या मैत्रिणी लिहितायत, नातेवाईक लिहितायत, मुद्रणातले जाणकार लिहितायत. त्या सगळ्यांमध्ये वयानं आणि अनुभवानं मीच लहान. पण ताईंनी आमच्या छापखान्यात जे केलं ते मी अगदी जवळून बघितलंय, आणि ते नीट सांगितलं गेलं नाही तर मला चैन पडणार नाही. म्हणून हट्टानं लिहिते आहे.

ज्या मशीनसाठी मला घेतलं ते फोटोटाइपसेटिंगचं मशीन. बरेच वाचक छापखान्याबाहेरचे आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. आधी आमच्याकडे शिशाचे खिळे जुळवायचे. एक अक्षर म्हणजे एक खिळा. साध्या अक्षरांची लाकडी केस, म्हणजे खणाखणांची पेटी, वेगळी, जाड अक्षरांची वेगळी, तिरप्या अक्षरांची वेगळी. कंपोझिटर उभ्या उभ्या एकेक खिळा उचलून ओळ लावणार. नवीन मशीनमध्ये खिळे नाहीतच. समोर कीबोर्ड, छोटासा पडदा, आणि मजकूर थेट फोटोच्या कागदावर उमटतो. मग शब्द जाड हवा हे मशीनला कळणार कसं? तर कोडनं. शब्दाच्या आधी कंसात दोन रोमन अक्षरं टाकायची, म्हणजे जाड सुरू. शब्द संपला की पुन्हा कंसात तीच अक्षरं, फक्त आधी एक तिरकी रेघ, म्हणजे जाड बंद. मधलं सगळं जाड. काही कोड एकटेच असतात. नवी ओळ सुरू कर म्हटलं की करतो आणि मोकळा होतो. पण जाड, तिरपं, मोठं, लहान हे सगळे जोडीचे कोड. मजकूर पोटात घेतात, आणि बंद केल्याशिवाय सोडत नाहीत.

ताईंनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव ठेवलं, पोटवाले कोड आणि बिनपोटाचे कोड. खिळेवाल्यांपैकी कोणीतरी लगेच मागून विचारलं, मालक कोणते? ताईंनी हसू दाबलं आणि आधी दार लावून घ्यायला सांगितलं.

खिळेवाले म्हणजे आमचे चार कंपोझिटर. त्यातले सगळ्यात मोठे गुलाबराव. पारशिवनीजवळच्या खेड्यातले, पन्नाशी ओलांडलेले. भाऊ गावी शेती करतात, हे तरुणपणीच नागपुरात आले आणि खिळ्यांमध्ये रमले. मशीन आलं त्या आठवड्यात मालकांनी चौघांना बोलावून सांगितलं की दिवाळीपर्यंत ज्याला मशीनवर बिनचूक पान लावता येईल तो राहील. बाकीच्यांनी दुसरीकडे बघावं. मालक वाईट नव्हते, स्पष्ट होते. पण त्या दिवशी गुलाबरावांनी डबा उघडलाच नाही. या वयात गावी जाऊन भावांच्या शेतावर हात पसरायचे, या विचारानंच त्यांची भूक गेली होती. मी विचारलं तर म्हणाले, "काय सांगू वं पोरी. भाऊ नाही म्हणणार नाहीत. तेच त वाईट आहे."

ताई तेव्हा मुद्रितशोधन विभागाच्या प्रमुख होत्या. कंपोझिटरांची जबाबदारी त्यांची नव्हतीच. तरी त्या मालकांकडे गेल्या आणि शिकवण्याचं काम मागून घेतलं. मालकांनी विचारलं, तुम्हाला तरी येतं का ताई हे मशीन? ताई म्हणाल्या, नाही येत, म्हणूनच बरोबरीनं शिकू.

आणि मग सुरू झाला गोंधळ. आमचं पहिलं मोठं काम म्हणजे पारशिवनीच्या एका निवृत्त मास्तरांनी जमवलेला शेतीच्या शब्दांचा संग्रह. प्रत्येक नोंदीत मूळ शब्द जाड, अर्थ साधा, मग एक वापरायचं वाक्य तिरपं, आणि त्या तिरप्या वाक्यात मूळ शब्द पुन्हा आला की तो तिरपाही आणि जाडही. म्हणजे पोटवाल्याच्या पोटात आणखी एक पोटवाला. गुलाबरावांचं पहिलं पान डेव्हलपरच्या रसायनातून धुऊन बाहेर आलं आणि आम्ही सगळे बघत राहिलो. पहिल्या शब्दापासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं काळंकुट्ट, जाडच जाड.

दुसऱ्या पानावर त्यांनी भीतीपोटी प्रत्येक अक्षराआधी जाडचा कोड टाकला. पडद्यावर शब्द दिसेना, नुसते कंस. बाकीच्या तिघांचंही तेच. कोड सुरू करायचे, बंद करायचे नाहीत. मी मॅन्युअल वाचून वाचून सांगत होते, ते मान हलवत होते, आणि पुढचं पान परत काळं. फोटोचा कागद वाया जात होता आणि मालकांच्या फेऱ्या वाढत होत्या. गुलाबराव एकदा वैतागून म्हणाले, "मी त साधंच टाइप करून राहिलो पोरी, हे मशीनच मले सोडून नाही राहिलं."

मला तेव्हा वाटलं, संपलं. ताईंना मात्र वेगळंच काहीतरी टोचत होतं. त्या दोन-तीन दिवस खोलीत नुसत्या येरझारा घालत होत्या. जेवताना मध्येच उठायच्या. आणि एक दिवस त्या मशीनकडे न येता सरळ खिळ्यांच्या केसपाशी गेल्या, पदर खोचला आणि गुलाबरावांना म्हणाल्या, मला खिळे जुळवायला शिकवा. मला काही कळेना. आपण सगळे पुढे जायला निघालोय आणि ह्या मागे काय चालल्या?

गुलाबरावांनी शिकवलं. मोठ्या कौतुकानं शिकवलं, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना येत असलेलं काही कोणी विचारलं होतं. ताईंची बोटं शिशानं काळी झाली. ओळ लावता लावता त्यांनी विचारलं, "गुलाबराव, जाड शब्द संपला हे तुम्ही खिळ्याला कसं सांगता?"

"खिळ्याले काय सांगाचं ताई? हात वापस येते आपल्या साध्या केसमधी."

ताई थांबल्या. हातातला खिळा तसाच धरून म्हणाल्या, "तुमचा हात परत येतो, तोच तुमचा बंद करायचा कोड. मशीनला तुमचा हात दिसत नाही हो."

मी तिथेच उभी होते.  मॅन्युअलमध्ये सगळं होतं, पण हे नव्हतं. खिळ्यात जाडपणा अक्षराच्या अंगातच असतो. जाड खिळा ठेवला, साधा ठेवला, झालं. मशीनमध्ये अक्षराच्या अंगात काहीच नसतं, जे आहे ते आजूबाजूच्या कोडमध्ये. चौघं चुकत नव्हते, चौघं खिळे जुळवत होते, फक्त कीबोर्डवर.

त्यानंतर ताईंनी जे केलं ते कोणत्याही इंग्रजी पुस्तकात मिळणार नाही. त्यांनी चौघांना मशीनवरून उठवलं आणि परत केसपाशी उभं केलं. नेहमीसारखे खिळे जुळवा, फक्त हात दुसऱ्या केसकडे गेला की तोंडानं म्हणायचं, जाड सुरू. हात परत आला की म्हणायचं, जाड बंद. सुरुवातीला चौघंही लाजले. एवढी मोठी माणसं, पाढे म्हटल्यासारखी. खालच्या कापडवाल्याचा माणूस वर येऊन विचारून गेला की ताई, पूजा आहे का काही? पण पंधरवडाभर आमच्या खोलीत तेच. तिरपं सुरू, जाड सुरू, जाड बंद, तिरपं बंद.

त्यात एक भांडणही झालं. खिळ्यांमध्ये हात जाड केसमधून थेट साध्या केसवर येऊ शकतो, तिरप्या केसकडून वळसा घ्यायची गरज नाही. गुलाबरावांचं म्हणणं, सरळ रस्ता असून फेरा काहून? ताईंनी वाद घातला नाही. एक ओळ मशीनवर मुद्दाम तशी लावली, आतलं बंद न करता बाहेरचं आधी बंद केलं, आणि कागद बाहेर येऊ दिला. खालचं अर्धं पान बिघडलेलं बघून गुलाबराव म्हणाले, "ठीक आहे. ज्या वाटेनं गेलो त्याच वाटेनं येतो." आणि मशीनकडे वळून, "लई मानपान आहे गा तुह्यावाला."

मग ते परत कीबोर्डवर बसले. तोंडानं पुटपुटत, पण बोटं बरोबर. दिवाळीच्या आधी मालकांनी चौघांना एकेक पान दिलं. चारही पानं धुऊन वाळत घातली होती आणि मालक चष्मा लावून एकेक ओळ बघत होते. गुलाबराव तिथे थांबलेच नाहीत, जिन्यात जाऊन उभे राहिले. पानं बिनचूक होती. मी धावत सांगायला गेले तर ते म्हणाले, एकदा परत बघायला सांग. ताईंनी एवढंच केलं, वाळलेली पानं काढली आणि पुढच्या पानांचं हस्तलिखित चौघांपुढे ठेवलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. नाही संपली, आणि ताई कोण आहेत हे खरं तर इथून पुढे कळतं.

शब्दसंग्रहाच्या प्रत्येक नोंदीला तेच सात-आठ कोड पुन्हा पुन्हा टाकावे लागत. ताईंना ते खटकायचं. मॅन्युअलच्या शेवटच्या प्रकरणात अशी सोय होती की सगळे कोड एका मोठ्या कोडच्या पोटात भरून ठेवायचे आणि त्याला नाव द्यायचं. ताईंनी माझ्याकडून ते प्रकरण वाचून घेतलं, आणि नाव दिलं, नोंद. आता प्रत्येक ठिकाणी फक्त नोंद एवढंच टाकायचं, आतलं सगळं मशीन बघणार. मास्तर पारशिवनीहून आले आणि म्हणाले, मूळ शब्द थोडा मोठा हवा, म्हाताऱ्यांना दिसला पाहिजे. अर्धं पुस्तक झालं होतं. आमचे चेहरे पडले. ताईंनी नोंदीच्या पोटातला एक आकडा बदलला, मशीनमध्ये साठवलेला मजकूर परत कागदावर काढला आणि झालेल्या सगळ्या पानांचे शब्द मोठे झाले. मास्तरांना त्यात काही विशेष वाटलं नाही, ते चहा घेऊन गेले. आम्ही मात्र त्या दिवशी काम सोडून नुसते एकमेकांकडे बघत होतो.

पण त्यामुळे काम भराभर व्हायला लागलं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मालकांनी ताईंना बोलावलं. आता चौघांचं काम दोघंच करतात, म्हणाले, मग दोघं पुरे. मी टेबलापाशी कागद लावत होते, मला सगळं ऐकू येत होतं.  मालक अवघडून म्हणाले की देखो ताई, तुम्हीच तर त्यांना एवढं फास्ट केलं.

ताई म्हणाल्या, "मग काम वाढवू. माणसं नंतर मोजा."

उन्हाळा संपेपर्यंत त्यांनी मुदत मागून घेतली. आणि दुसऱ्या दिवसापासून, नागपूरच्या त्या उन्हात, डोक्याला ओला रुमाल बांधून, पिशवीत छापलेली नमुन्याची पानं घेऊन ताई काम मागत फिरायला लागल्या. प्रुफं सकाळी लवकर येऊन वाचायच्या, दुपारी बाहेर. गांधीबागेतले कापडाचे व्यापारी, शाळा, ग्रंथालयं, देवस्थानं. ज्या बाई मुद्रितशोधनाच्या खोलीबाहेर कोणाला ठाऊक नव्हत्या, त्या अनोळखी दुकानाच्या पायऱ्या चढून सांगत होत्या की तुमचा कॅटलॉग आम्हाला द्या, किंमत बदलली तर सगळं परत जुळवावं लागणार नाही. कोणी पाणी द्यायचं, कोणी नंतर या म्हणायचं. आमच्याकडे चारही जणांची नजर जिन्याकडे. पावलं वाजली की गुलाबराव न बघता विचारायचे, ताई आल्या का? आणि ताई आल्या की कोणी काही विचारायचं नाही, फक्त पिशवी जड आहे की हलकी ते बघायचं.

मी एकदा चिडून त्यांना म्हटलं, हे काम मालकांचं आहे, तुमचं नाही. ताई घोटभर पाणी पिऊन म्हणाल्या, "अगं, मी त्यांना शिकवलं नसतं तर चौघं संथ तरी राहिले असते. वेग मी दिला, आता त्या वेगाला पुरेल एवढं काम मलाच आणायला हवं."

हळूहळू पिशवी जड होत गेली. पावसाळ्यात चौघं दोन पाळ्यांत बसायला लागले, आणि मालकांनी दोघांचा विषय परत काढला नाही.

ताईंच्या स्वभावाबद्दल खूप लिहिता येईल. चारचौघांत त्या गुलाबरावांना नेहमी अहोच म्हणतात, आणि मालकांनाही अहोच, दोन्हीत फरक नसतो. "चालेल" हा शब्द त्यांना चालत नाही. एकदा एका लग्नपत्रिकेत मुलीच्या आजीचं नाव बारीक अक्षरात आलं. पाहुण्यांच्या लक्षातही आलं नसतं, पण ताईंनी सगळी पत्रिका परत लावायला सांगितली. रागावल्या की आवाज खाली जातो, आणि तोच जास्त लागतो. मला कितीदा लागलाय.

माझ्यावर त्यांचे वैयक्तिक उपकारही आहेत. माझ्या बाबांना मुलीनं छापखान्यात काम करणं पसंत नव्हतं. एवढं इंग्रजी शिकवलं ते बँकेच्या परीक्षेसाठी, शाईत हात घालायला नाही, असं त्यांचं म्हणणं. ताई एका रविवारी आमच्या घरी आल्या. बाबांना समजावलं वगैरे काही नाही. मी लावलेलं शब्दसंग्रहाचं एक पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्यांच्या गावाकडचा एक शब्द शोधायला सांगितलं. बाबांना तो सापडला, मग दुसरा, मग आईला हाक मारली. चहा थंड झाला. बँकेचा विषय त्या दिवसापासून आमच्या घरात बंद आहे. आणि माझं मराठी? रोज जेवणाच्या सुट्टीत ताई माझ्याकडून प्रूफ मोठ्यानं वाचून घ्यायच्या. हा लेख मी स्वतः लिहिलाय, चुका असतील तर त्यांना दिसतीलच.

ताई साठ वर्षांच्या झाल्या. लवकरच निवृत्त होतील. आणि छापखान्यात परत तीच चुळबूळ सुरू झाली आहे. टेबलावर मावणारे कंप्युटर येणार आहेत, त्यावर एकच माणूस लिहिणार, लावणार आणि पान काढणार म्हणतात. मालक चष्मा पुसत फेऱ्या मारतायत. मला स्वतःला ती नवी यंत्रं कधी एकदा बघते असं झालंय, आणि त्याच वेळी भीतीही वाटतेय. मी ताईंना विचारलं, आता काय करायचं? त्या म्हणाल्या, कोड तेच असतील, नावं बदलतील. पण त्या बोलत असताना मी त्यांच्याकडे बघत होते. उन्हाळा तोंडावर आहे, त्यांचा रक्तदाब वाढलाय, डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय. आणि खुर्चीच्या पाठीला ती पिशवी अडकवलेली, भरलेली.

ते फक्त मीच बघत नव्हते. परवा गुलाबराव दुपारची पाळी बदलून घेऊन, धुतलेला सदरा घालून आले. बाकीचे तिघं त्यांच्या मागे. ते ताईंच्या खुर्चीपाशी गेले, पिशवी काढून घेतली आणि खांद्याला लावली. ताई म्हणाल्या, गुलाबराव, तुम्हाला अनोळखी माणसाशी बोलायची सवय नाही. खरंच नाही. छापखान्यात आल्यापासून त्यांनी कधी कोणाकडे काम मागितलेलं नाही, ते नेहमी टेबलावर आलेलं असायचं.

गुलाबराव म्हणाले, "तुमाले तरी कुठं होती ताई? बोलता बोलता येते."

ते पायऱ्या उतरून उन्हात निघून गेले. ताई खिडकीत उभ्या राहून ते गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत बघत होत्या. मग डोळे पुसून मला दटावून म्हणाल्या, प्रुफं पडली आहेत, बघतेस काय.

संध्याकाळी गुलाबराव आले. एका शाळेचा वार्षिक अंक घेऊन आले होते, छोटंसंच काम. आज दुसरा कंपोझिटर पिशवी घेऊन गेलाय.

वत्सलाताईंना भरपूर आयुष्य मिळो, आणि ते ठणठणीत मिळो. रक्तदाब खाली येवो, डोळे असेच तीक्ष्ण राहोत. आम्ही बाहेरून काम आणत राहू, ते चुकलं की रागवायला त्या आम्हाला हव्या आहेत.